एकतिसावा खांब

सांडणी हे काही तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते ठेवलं हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या मुकादमीणबाईंनी, आणि ते असं चिकटलं की पगाराच्या दिवशी कारकूनसुद्धा "सांडणी, सही कर" म्हणायचा. कारणही तसंच होतं. ओल्या चादरींनी भरलेली ढकलगाडी घेऊन ती वॉर्डाच्या लांबलचक बोळातून निघाली, की मोठमोठे डॉक्टर गुमान भिंतीला पाठ लावून उभे राहत. एकदा एका पेशंटनं घाबरून विचारलं होतं, "आग लागलीय का हो कुठे?"

तर अशी ही सांडणी एका दुपारी जिन्याच्या सातव्या पायरीवर मटकन बसली. दोन हातांनी गुडघे धरले आणि माशासारखं तोंड उघडून श्वास ओढायला लागली. तिचा नवरा त्याच इमारतीत लिफ्ट चालवायचा. त्यानं जाळीतून पाहिलं आणि म्हणाला, "अगं, लिफ्ट आहे की! नवऱ्याची आहे, तिकीट पडत नाही."

"गप बसा."

"मी बसलोच आहे स्टुलावर. तू कशाला बसलीस?"

कशाला बसली, ते दोघांनाही ठाऊक होतं. दोन वर्षं ती धावली नव्हती. पूर्वी दिवसाला दहा-बारा किलोमीटर म्हणजे तिला अंगणात फेरी मारल्यासारखं. आता पोटऱ्यांचं लोणी झालं होतं. आणि त्याच दिवशी सकाळी काकू लाँड्रीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

काकू म्हणजे मास्तरांच्या घरच्या. मास्तर म्हणजे सांडणीला धावायला शिकवणारे. ते शाळामास्तर कधीच नव्हते बरं का. जन्मभर घरोघरी पाण्याच्या मीटरचं रीडिंग घेत फिरले. निवृत्त झाल्यावर एका जागी बसवेना, म्हणून लोकांना पळवायला लागले. म्हणायचे, "मीटर वाचून वाचून डोळा तयार झालाय माझा. माणसाच्या नाकपुड्या बघतो आणि सांगतो, आत किती शिल्लक आहे." हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातल्या एका लठ्ठ आचाऱ्याला त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "तुम्ही शेवटचं कधी धावला होतात?" आचारी म्हणाला, "दूध उतू जात होतं तेव्हा." मास्तरांनी गंभीर चेहऱ्यानं वहीत लिहिलं: सराव आहे.

त्या काकूंनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी सांडणीच्या हातात दिलं. उघडून पाहिलं तर पांढऱ्या कापडाचा चौकोन. त्यावर निळ्या दोऱ्यानं मास्तरांचं नाव भरलेलं. अक्षर न् अक्षर सारखं.

"त्यांच्या शिष्यांनी शर्यत ठेवलीय त्यांच्या नावानं. एकवीस किलोमीटर," काकू म्हणाल्या. "चार महिने आहेत. छातीवर हे लावून तू धावायचंस. नाही म्हणू नकोस. तू होतीस ना शेवटी त्यांच्याबरोबर."

मागे रोलर घरघरत होता. ओली चादर एका बाजूनं आत जात होती आणि कडक, गरम होऊन दुसऱ्या बाजूनं बाहेर येत होती. समोरची बाई ओरडली, "सांडणे, कोपरा धर!" सांडणीनं कोपरा धरला आणि हात भाजून घेतला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"तू होतीस ना बरोबर." हेच तर खरं नव्हतं.

हॉस्पिटलच्या मागच्या फाटकापासून कालव्याच्या कडेनं एक सरळसोट रस्ता पंपघरापर्यंत जातो. कडेला विजेचे खांब, प्रत्येकावर आकडा रंगवलेला. दर पन्नास मीटरला एक, पंपघराशी एक्क्याण्णवावा. मास्तरांचं सगळं शिक्षण या खांबांवर चालायचं. "सहा खांब जोरात, दोन खांब सावकाश. घड्याळ माणसाला घाबरवतं, खांब घाबरवत नाही," असं त्यांचं म्हणणं. सांडणी पुढे धावायची आणि मास्तर मागून सायकलवर. त्यांच्या सायकलचं चेनकव्हर वाकलेलं होतं. पायडल एकदा फिरलं की एकदा वाजायचं: खट्. मग पुन्हा खट्. त्या खटखटीवर तिची पावलं पडायची.

कधीकधी मास्तर मुद्दाम पायडल मारणं थांबवायचे. आवाज बंद. तेवढ्यानं हिचा पाय ढिला पडतो का, ते बघायचं. आणि नियम एकच, पण कडक: मागे वळून पाहायचं नाही. पाहिलं की पुन्हा पहिल्या खांबापासून सुरुवात. दोनदा तिनं पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा मास्तरांनी तिला परत नेलं होतं. वर म्हणाले, "मी काय पळून जातोय? मी आहेच मागे."

त्या दिवशी एकतिसाव्या खांबाशी खटखट थांबली.

सांडणी मनात हसली. म्हणाली, घ्या परीक्षा. आज नाही वळणार. आणि अशी सुटली, की पंपघराच्या भिंतीला हात लावून परत फिरली तरी दम लागला नव्हता. समोर रस्ता मोकळा होता. मास्तर कुठे दिसेनात, तरी तिला वाटलं, झाडाआड दडले असतील, वय झालं तरी पोरकटपणा जात नाही. एकतिसाव्या खांबाजवळ आली तेव्हा सायकल आडवी पडलेली दिसली. सायकलीपलीकडे मास्तर. तिनं मनगटावरचं घड्याळ बंद केलं. ती सवय होती, हाताची. एकतीसपासून एकतीसपर्यंत, सहा किलोमीटर. अठ्ठावीस मिनिटं. जन्मात इतकी चांगली धावली नव्हती ती.

लोकांना तिनं सांगितलं, "मी खूप पुढे होते, कळलंच नाही." आवाज थांबलेला ऐकला होता, हे कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. काकूंनी तर तेव्हा तिलाच जवळ घेऊन म्हटलं होतं, "तू तरी काय करणार पोरी." ते वाक्य घशात अडकलेल्या काट्यासारखं तिथेच राहिलं.

आता धावायचं म्हणजे त्याच रस्त्यावर. गावात दुसरा सपाट रस्ता नव्हता.

पहिल्या आठवड्यात तिनं काय केलं, तर जुन्या बेतानं निघाली. सहा खांब जोरात! दहाव्या खांबाशी डोळ्यांपुढे काजवे चमकले. तरी ओढत नेलं. भर दुपारचे चार, ऊन लख्ख पडलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि तिसाव्या खांबानंतर मागून आलं: खट्.

तिची मान ताठ झाली. खट्. खट्. तोच वेग, तोच ताल, दोन वर्षांपूर्वीच्या सांडणीचा. तिचे पाय आपोआप त्या तालात पडायला लागले. शरीर म्हातारीचं आणि ताल घोडीचा! चाळिसाव्या खांबाशी पोटरीत असा गोळा आला की ती लंगडत, कठड्याला धरधरून परतली. तीन आठवड्यांत हेच तीनदा झालं.

नवरा गरम पाण्याची पिशवी पोटरीवर ठेवत म्हणाला, "कुणाच्या मागे लागतेस एवढी?"

"मागे नाही लागत. पुढे पळतेय."

"कुणाच्या?"

ती भिंतीकडे तोंड करून निजली.

शेवटी मुकादमीणबाईंनी तिला धरून हॉस्पिटलातल्या फिजिओ मॅडमकडे नेलं. मॅडमनी पोटरी दाबली, हिनं किंकाळी फोडली, मॅडम म्हणाल्या, "जिवंत आहे."

मग समोर बसवून सांगितलं, "हे बघा बाई, तुमच्या डोक्याला वाटतंय तुम्ही कालच थांबलात. स्नायूंना ठाऊक आहे, दोन वर्षं झाली. आता बाळासारखं. दोन मिनिटं चालायचं, एक मिनिट धावायचं. दर आठवड्याला थोडंच वाढवायचं. आणि धावताना बोलता आलं पाहिजे, चांगलं पूर्ण वाक्य. बोलता येईना, की समजा जास्त होतंय."

"बोलू कुणाशी? मी एकटीच असते."

"पाढे म्हणा."

दुसऱ्या दिवसापासून कालव्यावर पाढे सुरू झाले. एक गवत कापणारा म्हातारा कान टवकारून ऐकायचा. एकदा हिनं तेवीस सक एकशे अठ्ठावीस म्हटलं तर पलीकडून ओरडला, "अडतीस! अडतीस!" पण पाढे तरी किती पुरणार? महिन्याभरात तिशी संपली. आणि तिसाव्या खांबापुढची खटखट काही संपत नव्हती. मग एक दिवस, वाक्य तर बोलायलाच हवं म्हणून, ती मागच्या आवाजाशीच बोलायला लागली.

"आज रोलर बिघडला होता, मास्तर."

खट्.

"आचाऱ्याची मुलगी नर्स झाली."

खट्.

"तुमच्या घरच्यांनी तुमचं नाव भरलंय कापडावर. बघवत नाही मला."

इथे तिचा श्वास तुटला. पुढचं वाक्य काही केल्या बाहेर येईना. ती थांबली, चालत घरी आली. मॅडमच्या हिशेबानं तेवढं अंतर जास्त झालं होतं म्हणायचं.

पाय मात्र परत येत होते. तिसऱ्या महिन्यात चालणं गळालं, नुसतं धावणं उरलं. नवरा म्हणाला, "जिना चढताना आता माझ्याकडे बघतही नाहीस. लिफ्टला वाईट वाटतं." शर्यतीला तीन आठवडे उरले. तशी ती आतून वाळत चालली. ते कापड छातीवर लावून, टाळ्या घेत एकवीस किलोमीटर धावायचं, आणि ज्या बाईनं ते भरलं तिला खरं ठाऊक नाही. आणि सांगावं, तर त्या बाईच्या तोंडाकडे बघायचं कसं?

अशात एका दुपारी मागच्या फाटकाशी काकू उभ्या. हातात मास्तरांची सायकल.

"हवा भरून आणली," काकू म्हणाल्या. "मी येते मागून. लग्नाआधी तीन गावं पालथी घालायचे मी सायकलवर. एकटी बडबडत धावतेस म्हणे. लोक काय म्हणतील?"

"काकू, पडाल."

"पडले तर हॉस्पिटल मागेच आहे."

नाही कसं म्हणणार? सांडणी निघाली. मागून खट्, खट्, खट्. आता हा खरा आवाज की तो, हे कसं ओळखायचं? तिनं ऐकायचंच नाही ठरवलं. काहीबाही बोलत राहिली, साबणाच्या भावाबद्दल, मॅडमच्या नव्या चष्म्याबद्दल. मागून काकू "हं, हं" करत होत्या. वीस. पंचवीस. तीस.

एकतिसाव्या खांबाशी आवाज थांबला. "हं"सुद्धा थांबलं.

सांडणीच्या मानेवर बर्फ ठेवल्यासारखं झालं. पाय धावतच राहिले, एक ढांग, दोन ढांगा, तीन. इतक्या वर्षांचं वळण ते, मान वळेना. मग ती स्वतःच्याच मानेला हिसका देत गर्रकन वळली आणि जिवाच्या आकांतानं उलटी धावत सुटली.

काकू रस्त्यात उभ्या होत्या. धडधाकट. दोन्ही हात काळे.

"चेन पडली मेली," त्या म्हणाल्या. "अगं, अशी पांढरी का पडलीस?"

सांडणी खाली बसली, डांबरावरच. आणि जे वाक्य इतके महिने निघत नव्हतं ते एका दमात निघालं. आवाज थांबलेला ऐकला होता. परीक्षा वाटली. वळले नाही. पंपघरापर्यंत गेले, परत आले. अठ्ठावीस मिनिटं ते इथे पडून होते.

काकूंनी काळे हात एकमेकांवर चोळले.

मग त्यांनी विचारलं, "हाक मारली होती का त्यांनी?"

"नाही. हाक नाही आली. नुसता आवाज थांबला. मुलाबाळांची शपथ, काकू."

"दोन वर्षं मला तेच वाटायचं. हाक मारली असेल, आणि कुणी आलं नसेल." त्यांनी पदरानं तोंड पुसलं, गालावर वंगणाचा पट्टा उमटला. "वळली असतीस, तर वाचले असते?"

"ठाऊक नाही. डॉक्टरांना विचारायला धीर झाला नाही."

"मलाही नाही झाला." मग सायकलकडे बघून म्हणाल्या, "मी तुला काही बोलत नाही आज. उद्या बोलेनही, माझा काही भरवसा नाही. चेन लावता येते का तुला?"

सांडणीनं चेन लावली. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली. सायकल हातात धरून काकू परत निघाल्या. दहा-बारा पावलं गेल्यावर, न वळता म्हणाल्या, "ते कापड मला परत आणून दे. तू धाव, धावू नको म्हणत नाही मी. पण त्यांचं नाव लावून नको. तुझं लावून धाव."

ही शिक्षा होती की सुटका, ते सांडणीला तेव्हा कळलं नाही, आणि नंतरही कधी विचारलं नाही. कापड तिनं धुऊन, इस्त्री करून काकूंना नेऊन दिलं. काकूंनी ते पेटीत ठेवलं आणि हिला चहा दिला.

शर्यतीत ती छातीवर नुसता आकडा लावून धावली. पुढे-मागे शंभरेक माणसं. एकवीस किलोमीटर ती बोलत होती, कधी शेजारच्याशी, कधी कुणाशीच नाही. एका तरुणानं दमून विचारलं, "मावशी, इतकं कसं बोलवतं?" ती म्हणाली, "गप्प राहवत नाही रे." दोन तास एकोणीस मिनिटं लागली. नवरा शेवटच्या रेघेपाशी म्हणाला, "लिफ्टनं लवकर आली असतीस." आणि तिचा हात घट्ट धरला, तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही. काकू गर्दीत मागे उभ्या होत्या. टाळ्या वाजवल्या नाहीत, पण शेवटचा माणूस येईपर्यंत हलल्याही नाहीत.

अजूनही सांडणी रोज दुपारी कालव्यावर धावते. तिसाव्या खांबापुढे मागून खटखट येते. एकतिसाव्याशी ती थांबते. आता ती थांबतेच. ती थांबते, पूर्ण वळते आणि उन्हात बघते. रस्ता रिकामा असतो. तरी ती शंभर आकडे मोजेपर्यंत बघत राहते, एकही न चुकवता. मगच पंपघराकडे पाय उचलते.