मास्कच्या यादीवरची सही

ती सही मी आजही विसरलेलो नाही, कारण ती माझीच होती.

पोलीस खात्यातून हवालदार म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि ओमानमध्ये सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षा सुपरवायझर झालो. नववी नापास माणसाला अर्बाबने, म्हणजे मालकाने, खोली दिली, मान दिला. ते उपकार आहेत, म्हणून पुढचं लिहिताना हात अडखळतो.

त्या वर्षी धुराड्यांना धूळ अडवणारी यंत्रणा सक्तीची करण्याचा विचार एका सरकारी समितीपुढे होता. एके सकाळी आमचा गुहागरचा वेल्डर खोकत गेटवर आला.

"हवालदार, तुम्ही पण धुळीच्या बाजूने काय?"

"म्हणजे?"

त्याने मोबाईल पुढे केला. समितीकडे फाईल नेणाऱ्या ड्रायव्हरने फोटो काढला होता. वर इंग्रजी अर्ज, खाली आमच्या सह्या. वेल्डरने अर्थ सांगितला : आम्हा कामगारांना धुळीचा त्रास नाही, नियम आणलात तर नोकऱ्या जातील.

माझ्या सहीखाली बक्कल नंबर होता. खात्यातली ती सवय सुटली नव्हती. म्हणजे सही खोटी नव्हती, पण असा अर्ज मी पाहिलाच नव्हता. मग आठवलं. ही सही मी धुळीचे मास्क मिळाल्याच्या यादीवर केली होती.

ती यादी ठेवणारे स्टोअरकीपर रत्नागिरीकडचे, वयाने मोठे. सगळे त्यांना चाचा म्हणत. पोलीस ठाण्यात संशयिताला आम्ही आधी बसवायचो, पाणी द्यायचो आणि गप्प राहायचो. तसंच केलं.

"हवालदारसाहेब, असे बघू नका. मी काय मुद्देमाल हाय?"

"चाचा, मास्कची यादी कुठे आहे?"

"मॅनेजरनी नेली. सोबत मस्कतचा सल्लागार होता, कंपन्यांसाठी सरकारदरबारी शब्द टाकतो तो. म्हणाला, वरचा मथळा कापा, सह्या ठेवा, वर अर्ज आम्ही जोडू."

"कापला कुणी?"

"मीच. माझा व्हिसा कुणाच्या हातात हाय, तुम्हाला ठाऊक नाय?"

ठाऊक होतं. माझाही अर्बाबच्याच हातात होता.

"कार्बन कॉपी?"

"हाय. पण मागू नका."

मी मागितली नाही.

दोन दिवसांनी समितीचे अधिकारी पाहणीला आले. मॅनेजर शेजारीच होता. साहेबांनी गेटवर मला हिंदीत सहज विचारलं, "धूल से तकलीफ नहीं ना?"

"साब, अर्जी पर सही मेरी है. अर्जी मेरी नहीं."

मॅनेजर हसला. "बुढ्ढा भूल गया, साब. यल्ला, अंदर चलिए."

माझ्याकडे पुरावा नव्हता. साहेब आत वळलेही. तेवढ्यात स्टोअरचं दार उघडलं आणि चाचा कार्बनचं पुस्तक घेऊन उन्हात आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्याच सह्या, तोच बक्कल नंबर, आणि वर मथळा शाबूत : मास्क मिळाले.

अर्ज बाद झाला. अर्बाब म्हणाला, मला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने मला ठेवून घेतलं. चाचांना मात्र महिन्याभरात घरी पाठवलं. कारण सांगितलं, स्टोअरला आता माणूस नको.

पोलिसात असताना वाटायचं, खरं बाहेर आलं की केस संपली. या केसने तो समज मोडला. सरकारपुढे जाणारा कागद कुणी लिहिला, कुणाच्या सांगण्यावरून लिहिला, सही करणाऱ्याला तो त्याच्या भाषेत वाचून दाखवला का, हे आधीच उघड करायचा नियम पाहिजे. तसा नियम असता तर ते पुस्तक घेऊन चाचांना बाहेर यावं लागलं नसतं.