आप्पांनी धरलेली दहा मिनिटं

चार वाजता रत्नागिरीहून येणारी मोटार आमच्या हातखंब्याच्या शाळेसमोर थांबली आणि ड्रायव्हरने खिडकीतून चिठ्ठी पुढे केली. 'यांचं काही खरं नाही. तुझं नाव घेतात. ये.' अक्षर काकूंचं, आप्पांच्या बायकोचं होतं. मोटार तशीच पुढे कोल्हापूरच्या वाटेला लागली. उलट जाणारी दुसऱ्या दिवशी सकाळी. मी चिठ्ठी खिशात घातली, फळ्यावरचं गणित पुसलं, खडू डबीत ठेवले, डबी कपाटात ठेवली... ज्या माणसाशी नऊ वर्षं बोललो नव्हतो, त्याने बोलावलं की लगेच धावायचं का, असं मनात चाललं होतं. आज ते कबूल करायला हवं. शाळेच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा कुठे मी धोतर वर खोचलं आणि धावत सुटलो. आप्पांना जाऊन आता दीड महिना होत आला, पण ती दहा मिनिटं काही माझा पिच्छा सोडत नाहीत.

आप्पा जमीनमोजणीच्या कचेरीत मोजणीदार होते. नात्याचे नव्हेत, रत्नागिरीतले आमचे शेजारी. सव्वीस-सत्तावीस साली मी विशीत होतो आणि मला धावण्याचं वेड होतं. ओहोटीला भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू घट्ट झाली की आप्पा साखळी टाकून बरोबर एक मैल मोजायचे, दोन्ही टोकांना काठ्या रोवायचे आणि खिशातलं घड्याळ काढून उभे राहायचे. माझा मैल पाच मिनिटं दहा सेकंदांचा. मी धापा टाकत असतानाच ते म्हणाले, "आता दोन मैल पळालास तर दहा मिनिटं सेहेचाळीस." हिशोब त्यांनी स्वतःच बसवला होता. अंतर दुप्पट तर वेळ दुप्पट, आणि वर दर मिनिटाला अडीच सेकंद थकव्याचे. पुढच्या ओहोटीला मी दोन मैल पळालो. दहा मिनिटं सेहेचाळीस! मला तेव्हा गंमत वाटली होती.

गंमत फार दिवस टिकली नाही. आप्पा अंदाज चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी जांभ्या दगडाखाली ठेवायचे आणि शर्यत झाल्यावर मलाच दगड उचलायला लावायचे. दर वेळी तोच आकडा. इतर पोरं टाळ्या पिटायची, मला मात्र दगडाला हात लावताना अंगावर काटा यायचा. आपण पळतो म्हणजे नक्की काय करतो, असं वाटायचं. मी निघायच्या आधीच कोणीतरी तिथे पोचून बसलेलं असायचं.

शेवटी चार मैलांची शर्यत ठरली, रस्त्यावरची. या वेळी आप्पांना खोटं पाडायचंच, असा मी चंग बांधला. कोणाला न सांगता वाटेतल्या विहिरीवर थांबलो, सावकाश पाणी शेंदलं, तोंड धुतलं. मग मात्र लाज वाटली, हरायचं तर नव्हतं, म्हणून उरलेलं अंतर जीव तोडून पळालो. आप्पांनी घड्याळ दाखवलं, बावीस मिनिटं सव्वीस सेकंद. मी दगड उचलला. चिठ्ठीवर बावीस-सव्वीस, आणि खाली बारीक अक्षरात, 'विहिरीवर थांबेल, मग चिडून पळेल.'

"हे मी पळालो की तुम्ही?" मी ओरडलो.

"मेल्या, नुसते पाय कसले मोजायचे? मी तुला मोजतो," आप्पा हसत म्हणाले. ते कौतुकाने म्हणाले असतील, पण मला त्या हसण्याची भीती वाटली. त्या दिवसापासून मी पळणं सोडलं, त्यांच्या घरी जाणंही सोडलं, आणि हातखंब्याला मास्तरकी मिळाली तेव्हा सुटल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी आठ मैल पळून मी आप्पांच्या दारात पोचलो. दार सताड उघडं होतं. पायरीवर पाण्याने भरलेली कळशी आणि पंचा. आत आप्पा निजलेले, नाकात कापूस. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून अठरा मिनिटं झाली होती.

"आत्ताच रे... आठ मिनिटं झाली," काकू म्हणाल्या. त्यांना माझ्या येण्याचं नवल वाटलं नव्हतं. "दुपारी मोटार सुटायच्या आधी यांनी हे लिहून ठेवलंनी. म्हणाले, पाच-अठराला दार उघडं ठेव गो, पाय धुवायला पाणी ठेव. चालत नाही यायचा तो, पळत येईल."

उशीजवळ त्यांचं घड्याळ होतं, त्याखाली चिठ्ठी. थरथरत्या पेन्सिलीने एक मैल, दोन मैल, चार मैल, माझे जुने सगळे आकडे एकाखाली एक. मग आठ मैल, वरचे सेकंद सोडून सेहेचाळीस मिनिटं. त्यात वय, धोतर आणि मोडलेली सवय यांची बावीस मिनिटं मिळवून एक तास आठ. आणि सगळ्यांच्या वर, आधी, 'मोटार चारला पोचेल. रुसवा, दहा मिनिटं.'

मी ती बेरीज पुन्हा करून पाहिली. ती दहा मिनिटं नसती तर मी पाच-आठला दारात असतो आणि आप्पा पाच-दहापर्यंत होते. दोन मिनिटं मिळाली असती. त्यांनी माझा रुसवा हिशोबात धरला, त्यावर रागावले नाहीत, खोडलाही नाही. माणसाने आपल्याला इतकं ओळखावं याची नऊ वर्षं मला भीती वाटत होती. त्या दिवशी पहिल्यांदा त्या भीतीची लाज वाटली आणि मी लहान मुलासारखा रडलो.

घड्याळ काकूंनी मला दिलं. ते आता शाळेत माझ्या टेबलावर असतं, चिठ्ठी त्याच्या झाकणात. चारला मोटारीचा भोंगा वाजला की मी खडू हातातला तिथेच टाकतो, घड्याळ उचलतो आणि रत्नागिरीच्या दिशेने पहिल्या मैलाच्या दगडापर्यंत पळत जातो. निघतानाच कोणीतरी कानाशी आकडा सांगतं. दगडाशी घड्याळ उघडून बघतो, तर तोच असतो. फळा मात्र आता मी परत आल्यावर पुसतो.