घोटलेला उतार

थापी हातात धरून माझी पन्नास वर्षं गेली. शाळा तिसरीपर्यंत. पण कोबा घोटावा तर मीच, हे वसईपासून विरारपर्यंत कोणालाही विचारा. वसईतल्या होळी भागातल्या घरांतली माझी जमीन लांबून ओळखू यायची. आरसाच. आता हात थरथरतात, म्हणून बसून आठवत राहतो. आणि गंमत बघा, आठवतं ते माझ्या हातचं सगळ्यात खडबडीत काम.

चंदनसारच्या पुढे विद्यापीठाची एक इमारत होती. तिथे एक मुलगी चाकाच्या खुर्चीवरून शिकायला यायची. दाराला सहा पायऱ्या. रोज चार पोरं तिला खुर्चीसकट उचलून वर न्यायची. पोरांना उशीर झाला की हिचा पहिला तास बुडायचा. मग तिथे समान संधीचा कार्यक्रम ठरला, पाहुणे येणार होते, आणि तिथल्या साहेबांनी मला पायऱ्यांच्या बाजूला उतार बांधायला सांगितलं. मी बांधला, जीव लावून घोटला, आठवडाभर पाणी मारलं.

मुलगी आली. खालूनच बघत म्हणाली, "काका, झालाय सुंदर. पण मला चढता येणार नाही."

माझं डोकंच फिरलं. साहेब म्हणाले, शिपाई ढकलतील की, फोटोपुरतं तर चढायचं आहे.

"ढकलूनच घ्यायचं असतं तर पायऱ्या काय वाईट होत्या?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "बाय, इतक्या वर्षांत माझ्या कामाला कोनी नावं ठेवली नाय."

ती शेजारच्या बाकावर सरकली आणि रिकामी खुर्ची माझ्याकडे लोटली. "मग तुम्हीच बसून दाखवा."

बसलो. रागानेच बसलो. परांचीवर विटा चढवलेले हात माझे, मला कसली भीती? दोन हिसके दिले, तिसऱ्याला चाकं त्या घोटाईवर घसरली आणि मी सरळ मागे येऊन भिंतीवर आदळलो. शिपाई हसले. मुलगी हसली नाही. घरी जाऊन बायकोला म्हटलं, आमटी खारट झालीय. झाली नव्हती.

सकाळी छन्नी-हातोडा घेऊन गेलो आणि उतार फोडायला लागलो. साहेब धावत आले, कार्यक्रम आठवड्यावर आलाय म्हणाले. मी म्हटलं, माझं काम आहे, मीच मोडतोय.

मुलगी रोज जवळ येऊन थांबायची. ती सांगायची, मी करायचो. असं कोणाचं ऐकून काम मी आयुष्यात केलं नव्हतं. उतार तिप्पट लांब केला, मधे वळण घेऊन दम खायला सपाट जागा ठेवली. आणि वरून घोटायचं सोडून ओल्या सिमेंटवर खराटा ओढला, चाकांनी धरावं म्हणून. हात पुढे जाईना. वडिलांनी बघितलं असतं तर तोच खराटा माझ्या पाठीत घातला असता.

कार्यक्रमाच्या दिवशी उतारावर ओली गोणपाटं होती. साहेब म्हणाले, एकच फोटो. मी नळी घेऊन उभा. सिमेंट पक्कं होईपर्यंत, सात दिवस, कोणी पाय ठेवायचा नाही म्हणजे नाही. पाहुण्यांनी फीत फाटकाशीच कापली.

ते सात दिवस अजून गोड लागतात. पाणी मारून झालं की आम्ही दोघं सावलीत जेवायचो. तिच्या डब्यात देशावरची भाकरी आणि ठेचा, माझ्याकडे सुकेळी, आमच्या वसईची वाळवलेली केळी. ती माझ्या बोलण्याला हसायची, मी तिच्या. एकदा तिने विचारलं, किती शाळा बांधल्या? मी बोटं मोजली, पुरली नाहीत. त्यातल्या कितींच्या वर्गात बसलात, असं मात्र तिने विचारलं नाही. शहाणी होती.

आठव्या दिवशी गोणपाटं काढली. तिने बॅग मांडीवर घेतली आणि चाकांना हात घातला. वळणापर्यंत नीट गेली. तिथे थांबली, मान खाली, धाप लागलेली. माझा पाय आपोआप पुढे पडला.

"काका, हात लावायचा नाही."

मी हात पाठीमागे बांधले. ती हळूहळू वर गेली. आत तास सुरू झाला होता. ती दारातून सरळ आत शिरली, मागे वळून बघितलंसुद्धा नाही. उशीर झाला होता ना तिला. मी खाली कितीतरी वेळ उभा होतो.