वहिनींचा प्रश्न आणि सुदामचा बदली बोर्ड

सुदामच्या मुलीचा, मित्राचा, फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं. "काका, बाबा गेले... पहाटे. झोपेतच." मी "हो, हो" म्हणत राहिलो, गिऱ्हाईक टीव्हीची तक्रार सांगत असताना म्हणतो तसं, आणि फोन ठेवून शटर परत खाली ओढलं. लातूरहून नांदेडच्या बसमध्ये बसलो खरा, पण अहमदपूर कधी मागं पडलं, लोहा कधी गेलं, काही कळलं नाही. सारखं वाटत होतं, उतरलो की सुदाम स्टँडवर उभा असणार, हातात कापडी पिशवी, आणि म्हणणार, "किती उशीर केलास रं बश्या?" त्याला जाऊन आता सहा आठवडे होत आले. मनातल्या मनात माझं त्याच्याशी बोलणं अजून चालूच आहे. बोलणं म्हणजे बहुतेक भांडणच.

सुदाम गायकवाड आणि मी उदगीरचे, शाळेत एका बाकावरचे. आमचं घर लिंगायतांचं, किराणा दुकानाचं. त्याचं बौद्ध, वडील स्टेशनवर धान्याची पोती उचलायचे. वस्तू उघडून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. सातवीत त्यानं माझ्या वडिलांचा रेडिओ उघडला आणि परत जोडल्यावर तीन स्क्रू उरले. रेडिओ मात्र आधीपेक्षा बरा वाजायला लागला, त्यामुळं वडिलांना रागवावं की शाबासकी द्यावी ते कळेना. पुढं तो लातूरला एका तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत मेकॅनिक लागला आणि मी तिथंच टीव्हीचं दुकान टाकलं. लोक म्हणायचे, सुदाम उघडतो आणि बसवराज विकतो. यात फारसं खोटं नव्हतं.

तीसेक वर्षांपूर्वी त्याच्या प्रयोगशाळेनं एक घरगुती कॉम्प्युटर भंगारात काढला. कीबोर्ड आणि कॉम्प्युटर एकाच डब्यात, त्याला पडदा म्हणून साधा टीव्ही जोडायचा, आणि फ्लॉपी घालायची ड्राइव्ह वेगळी, जाडजूड. सुदामनं तो उचलून आणला. त्याच्या एका खोलीच्या घरात जागा नव्हती आणि टीव्ही तर माझ्याकडंच होते, म्हणून कॉम्प्युटर माझ्या दुकानाच्या माळ्यावर बसला. संध्याकाळी पाचला रत्नमालावहिनी, सुदामची बायको, शाळेतून परस्पर तिथंच यायच्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. आम्ही दोघं त्या यंत्राशी झटापट करायचो, आणि वहिनी मात्र शांतपणे पुस्तक मांडीवर घेऊन एकेक ओळ टाइप करत बसायच्या. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन यायचं, त्यात धूळ तरंगायची, खाली दुकानात पाचसहा टीव्ही एकदमच काहीतरी बोलत असायचे... माझ्या आयुष्यातलं सुख कुठं ठेवलंय असं कुणी विचारलं तर मी त्या माळ्याचा पत्ता देईन.

वहिनींनी एक छोटा प्रोग्राम केला होता. इंग्रजी अक्षरांत मराठी. तो विचारायचा, "तुझं नाव काय?" नाव टाकलं की त्या माणसापुरतं एक वाक्य यायचं. घरातल्या सगळ्यांसाठी एकेक वाक्य त्या लिहीत होत्या आणि कुणालाही बघू देत नव्हत्या. सुदामला तर त्यांनी बजावलंच होतं, "आत उघडून बघायचं नाही. तुमची सवय मला माहीत आहे. पुरं झालं की नाव टाकायचं आणि उत्तर वाचायचं, बास."

त्या साली दसऱ्याला सुदाम आणि वहिनी पांढरे कपडे घालून, छोट्या मित्राला घेऊन विहारात गेले. माझ्याकडं दसऱ्याची अवजारांची पूजा. आता, पूजेत माझा हात मुळातच सैल. तराजू, सोल्डरिंग आयर्न, स्क्रू-ड्रायव्हर, सगळे टीव्ही आणि माळ्यावरचा कॉम्प्युटर, सगळ्यांना विभूती, वर हळद-कुंकू, वर झेंडू. ड्राइव्हला तर फ्लॉपी घालायच्या फटीजवळ मी चांगलं चिमूटभर वाहिलं, कारण मला ते यंत्राचं तोंड वाटायचं, आणि वरून तांब्यातलं पाणीही शिंपडलं. आधीच्या दोन दसऱ्यांनाही असंच केलं होतं. संध्याकाळी ते तिघं जेवायला आले, सोनं दिलं-घेतलं, आणि सुदामनं कॉम्प्युटर लावला तर ड्राइव्ह नुसती गुरगुरली आणि गप्प झाली. "व्होल्टेज," सुदाम म्हणाला. लातूरच्या विजेवर तेव्हा काहीही ढकललं तरी खपायचं.

ती दुरुस्त होण्याआधीच वहिनी आजारी पडल्या आणि दिवाळीनंतर गेल्या. मित्रा सहा वर्षांची होती. सुदामनं कॉम्प्युटर, ड्राइव्ह आणि ती फ्लॉपी पोत्यात गुंडाळली, नांदेडला बदली मागून घेतली आणि निघून गेला. ड्राइव्हच्या आवाजावरून आतला सर्किट बोर्ड गेलाय हे त्यानं ओळखलं होतं, आणि नवा मिळेपर्यंत वहिनींची ती वस्तू उघडायचं त्याच्यानं होईना; पण तो बोर्ड कुठं मिळेना. हैदराबादला, पुण्याला, जिथं गेला तिथं त्यानं विचारलं. दर भेटीत मी विचारायचो, "मिळाला का रं?" आणि तो म्हणायचा, "मिळंल की. घाई कुणाला हाय?" घाई त्यालाच होती, हे मला दिसायचं.

मग या हिवाळ्यात त्याचा फोन. जुन्या यंत्रांचा नाद असलेले लोक परदेशात त्या ड्राइव्हसाठी नवा बदली बोर्ड बनवतात, असं मित्रानं शोधून काढलं होतं. तिनं तो मागवला आणि तो आलाही होता. "बश्या, तू ये. तुझ्याबिगर उघडायची न्हाई." मी दुसऱ्याच दिवशी नांदेड गाठलं.

दुपार होती. सुदामनं ड्राइव्हचं झाकण काढलं, आणि आम्ही दोघंही आत बघत राहिलो. हिरव्या बोर्डावर पिवळा-तांबडा थर बसला होता. पाण्यानं कालवलेला, वाळलेला, तांब्याच्या रेघा खाऊन टाकलेला. हळद-कुंकू. माझं. तीस वर्षं हा माणूस हैदराबाद-पुणे पालथं घालत होता, आणि मी निर्लज्जासारखा विचारत होतो, मिळाला का. सुदामनं चष्मा पुसला, लहान ब्रश घेतला आणि सगळं हळूहळू झाडून काढलं. "बोर्ड वयानं गेलाय," तो म्हणाला. "माणसं जातात, बोर्डाचं काय."

"सुदाम, हे माझ्या..."

"वयानं गेलाय म्हणलं न्हाई का. चहा घे."

नवा बोर्ड बसला. फ्लॉपी वाचणारं हेड त्यानं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, रबराचा पट्टा बदलला. मग वेग जुळवायचा होता. ड्राइव्हच्या पोटात एक चाक असतं, त्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा. विजेबरोबर लुकलुकणाऱ्या जुन्या ट्यूबलाइटखाली चाक फिरवायचं आणि एक स्क्रू बारीक बारीक पिळत जायचं. वेग बरोबर झाला की रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. एलईडीखाली ही गंमत होत नाही, आणि मित्रानं तर घरभर एलईडी लावलेले. एकच जुनी ट्यूब उरली होती, स्वयंपाकघरात. म्हणून आम्ही दोन म्हातारे ओट्याशी, डाळीचे डबे बाजूला सारून, खिडकीला चादर लावून उभे. चाक फिरत होतं. रेघा आधी धावत होत्या, मग रांगायला लागल्या, मग हळूच थांबल्या... चाक भरधाव आणि रेघा मात्र उभ्या. सुदाम स्क्रूवरून हात काढायला तयार नव्हता. बाहेर भाजीवाला ओरडत होता, कुकरची शिटी वाजली, आणि मला खरंच वाटलं की ही चादर बाजूला केली तर समोर लातूरचा माळा असेल आणि वहिनी मान वर करून विचारतील, झालं का तुमचं?

फ्लॉपी वाचली गेली. टीव्हीवर उमटलं, "तुझं नाव काय?" सुदामनं आधी मित्राचं नाव टाकलं. "मित्रा, दप्तर भरलंस का?" मित्रा आता बँकेत अधिकारी आहे, ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली. मग त्यानं माझं टाकलं. "भाऊजी, बसा, चहा ठेवते." मी हसलो आणि रडलो, दोन्ही एकदमच. मग त्यानं एका बोटानं, एकेक अक्षर बघून, स्वतःचं नाव टाकलं. सुदाम.

"हे नाव मला माहीत नाही."

त्यानं आडनाव टाकून पाहिलं. बाबा टाकून पाहिलं. तेच उत्तर. मी म्हणालो, "अरे, प्रोग्राम उघडून बघ ना. आत लिवलेलं दिसंलच की. तुला तर दोन मिनिटांचं काम." जन्मभर दिसेल ती वस्तू उघडणारा हा माणूस, त्यानं मान हलवली. "उघडायचं न्हाई म्हणलीय ती." मग म्हणाला, "माझ्यापत्तुर आलीच नसंल. वेळच न्हाई भेटला तिला." मी दसऱ्याचे, दिवाळीचे दिवस मोजत बसलो. ड्राइव्ह चालू राहिली असती तर वेळ होता.

आठ दिवसांनी त्याचा फोन. "बश्या... लागलं रं."

"काय टाकलंस? काय म्हणाली?"

"तू ये. हितं बसून बघू. लई मजा हाय." लग्नसराई होती, दुकानात गर्दी होती. मी म्हणालो, पंधरा दिवसांनी येतो. याची मला आता लाज वाटते, आणि ती जाणार नाही.

त्याच्यामागचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि मीही थांबलो नाही. मनच होईना. गेल्या आठवड्यात शेवटी परत नांदेडला गेलो. सुदामच्या खोलीत कॉम्प्युटर तसाच होता. मित्रानं तो लावला. बाबांनी काय टाकलं होतं ते तिलाही ठाऊक नव्हतं. दोघांनी मिळून दहा-बारा नावं टाकली, प्रत्येकाला तेच उत्तर, माहीत नाही. मग तिनं सहज विचारलं, "काका, आई बाबांना हाक कशी मारायची हो? मला काहीच आठवत नाही."

काखेत कळसा म्हणतात तो हाच. रोज पाचला जिन्यावरून ती हाक मी ऐकली होती. उदगीरकडच्या कोणत्या बाईनं तेव्हा नवऱ्याचं नाव घेतलं होतं, की वहिनी ते यंत्राला शिकवतील? मी म्हणालो, "अहो."

मित्रानं तीन इंग्रजी अक्षरं टाकली. ड्राइव्ह घरघरली, आणि टीव्हीवर आलं, "आलात का? आधी हातपाय धुवा, मग बसा."

मित्रानं ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "शेवटचे पंधरा दिवस बाबा फिरून आले की सरळ न्हाणीत जायचे. हातपाय धुवायचे, पुसायचे, आणि मगच या खोलीत येऊन बसायचे. एवढ्या थंडीत गार पाणी कशाला, म्हणून मी रागवायचे. ते म्हणायचे, 'मला सांगितलंय.' मी विचारलं, डॉक्टरांनी? तर नुसते हसले."

मी माझ्या पायांकडं पाहिलं. बसमधून उतरून तसाच येऊन बसलो होतो. मी उठलो आणि न्हाणीकडं गेलो.