आठ मिनिटांचा डाव

नऊ वर्षं झाली, शकुनबाई आपल्या मोठ्या जावेशी बोलत नाही. पत्त्यांचं तेवढं सोडून. पत्त्यांत बोलावंच लागतं, त्याला इलाज नाही.

बरं, लांब राहायला गेली असती तर गोष्ट वेगळी. या दोघी सख्ख्या भावांच्या बायका. चांदूर बाजारची जमीन बटईनं देऊन दोघे भाऊ अमरावतीला आले, एकच प्लॉट मधोमध कापला आणि एका भिंतीला दोन घरं टेकवली. भिंतीच्या अलीकडे शकुनबाई आणि तिचा नवरा नत्थुजी, पलीकडे आशाबाई आणि महादेवराव. पलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या शकुनबाईला इकडे मोजता येतात. भाऊ भाऊ अजून ओट्यावर बसून तंबाखू मळतात, पण बायकांचा विषय निघाला की त्यातल्या एकाला घरात काहीतरी काम आठवतं.

भांडण कशावरून? शकुनबाईची चंदा तेव्हा तेवीसची होती. अचलपूरचं स्थळ आलं होतं, मुलगा शिक्षक, बोलणी होत आली होती. आणि आशाबाईनं चहाचा कप हातात देता देता मुलाच्या आईला सांगितलं, "पोरीले चष्मा हाय बरं, फोटोपुरता काढून ठेवला होता." झालं, स्थळ गेलं. चंदाचं पुढे तिवस्याला लग्न झालं, चांगलं झालं, दोन लेकरं आहेत, नवरा तिचा चष्मा रोज स्वतः पुसून देतो. पण शकुनबाईच्या पोटातलं काही ते गेलं नाही. आशाबाई आजही कुणालाही सांगते, "मी काय खोटं बोलली?" अहो, तेच तर. खोटं बोलली असती तर शकुनबाईनं एखादवेळी सोडूनही दिलं असतं.

आता पत्ते. त्यांच्या कॉलनीच्या महिला मंडळात संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवसांत मेंढीकोटची स्पर्धा असते. चौघी बसायच्या, समोरासमोरच्या दोघी जोडीदार. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या; ज्या जोडीनं जास्त पकडल्या तिनं डाव मारला. शकुनबाई आणि आशाबाईची जोडी भांडणाच्या दोन वर्षं आधीपासूनची. भांडण झाल्यावर ती मोडेल असं सगळ्यांना वाटलं. मोडली नाही, कारण जी जोडी सोडेल तिनं हार खाल्ली असं होणार, आणि ते दोघींनाही कबूल नव्हतं. मग दरवर्षी दोघी समोरासमोर बसायच्या. एक म्हणायची, "हुकूम इस्पिक." दुसरी पानं उचलायची. याउप्पर अक्षर नाही. आणि जिंकायच्या. अकरा वर्षांत सात वेळा जिंकल्या. बक्षिसाची पितळी घागर सहा महिने आशाबाईकडे आणि सहा महिने शकुनबाईकडे राहायची. मुदत संपली की नत्थुजी नाहीतर महादेवराव ती भिंतीवरून पलीकडे द्यायचा. बायका त्या वेळी अंगणात येत नसत.

यंदा मात्र नवंच निघालं. मंडळाची सचिव वर्षाली, माहेर अकोल्याचं, बँकेत नोकरीला. तिनं सभेत सांगितलं की जुन्या पद्धतीनं स्पर्धा तीन-तीन दुपारी चालते आणि हॉल आता एकच दुपार मिळतो. "आमच्या अकोल्यात झटपट खेयतात. एक डाव आठ मिनिटांचा. पाच डाव. दर डावाले चिठ्ठी काढायची, जे जोडीदार निघन ते निघन. मेंढ्या ज्याच्या त्याच्या नावावर. यंदा करून तं पाहू, नाई जमलं तं सोडू."

"अकोल्याचं शहाणपन," मागून कुणीतरी पुटपुटलं. अमरावतीच्या बाईला अकोल्याहून आलेलं काहीही एकदम पटत नसतं.

सगळ्यात आधी हात वर केला शकुनबाईनं. आणि तो वेळ वाचवायला केला असं कुणी समजू नये. आठच दिवसांपूर्वी मंडळातल्याच रागिणीच्या हळदीकुंकवात आशाबाई तिळगुळ घेता घेता म्हणाली होती, "शकुनले पत्ते कुठी येते? अकरा सालापासून मीच ओढून राहिली तिले." रागिणीनं हे त्याच संध्याकाळी येऊन शकुनबाईला सांगितलं, एवढं तत्पर ती दुसऱ्या कशात नसते. ती गेल्यावर शकुनबाई पोळ्या लाटताना म्हणाली, "ओढून राहिली. बैल हाय का मी?" नत्थुजीनं मान खाली घालून जेवण उरकलं.

म्हणून तिला ही नवी पद्धत पाहिजे होती. मेंढ्या ज्याच्या त्याच्या नावावर. एकदाचं पंचवीस बायकांसमोर दिसू दे, कोण कुणाला ओढत होतं ते.

स्पर्धेच्या दिवशी सहा टेबलं मांडली होती. चोवीस बायका खेळायला आणि वर्षाली वेळ पाहायला. तिनं एका हातात मोबाईल धरला होता, दुसऱ्या हातात लाटणं, आणि समोर स्टीलचं ताट उलटं ठेवलं होतं. आठ मिनिटं झाली की ताट वाजणार, आणि हातात राहिलेली पानं बाद. पहिल्याच डावात तीन टेबलांवर पानं बाद झाली. या बायका एक पान टाकायच्या आधी सुनेची अर्धी गोष्ट सांगणाऱ्या, त्यांना हे कसं झेपावं? एकीनं तर मेंढी हातात तशीच राहिली म्हणून ताटाकडे असं पाहिलं की वर्षाली दोन पावलं मागे सरकली.

शकुनबाईला मात्र साधलं. बोलायची सवय नव्हतीच, ते कामाला आलं. पहिल्या डावात तीन मेंढ्या, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात दोन, चौथ्यात पुन्हा तीन. अकरा. जोडीदार मात्र एकेक भारी मिळाल्या. एक तर पान टाकायच्या आधी विचारायची, "हे टाकू का वो?" आणि दुसरीला हुकूम कोणता ते प्रत्येक हाताला सांगावं लागायचं. शकुनबाईला मधून मधून समोर पाहून चिडायला होत होतं, समोर भलतंच तोंड असायचं. तिनं मनाशी म्हटलं, होईल सवय.

गिला वडा खायच्या सुट्टीत फळ्यावर आकडे लागले. शकुन अकरा. आशा दहा. बाकी कुणी आठच्या वर नाही.

आशाबाईनं फळ्याकडे पाहिलं आणि रागिणीला, पण हॉलभर ऐकू जाईल असं, म्हणाली, "चिठ्ठीत बाया चांगल्या निघाल्या तिच्या."

शकुनबाईनं वड्याची प्लेट अर्धी टाकली.

शेवटच्या डावाच्या चिठ्ठ्या निघाल्या. शकुनबाई आणि आशाबाई एकाच टेबलावर, पण जोडीदार नाही. आशाबाईसोबत रागिणी, शकुनबाईसोबत वकिलाची बायको गोदावरी, तीच "हे टाकू का वो"वाली. अकरा वर्षं आशाबाई समोर बसायची, आज ती उजव्या हाताला बसली. इतक्या जवळ की तिच्या डोक्याच्या तेलाचा वास येत होता.

डाव सुरू झाला. हुकूम इस्पिक. दोघी जावा पानं अशी आपटत होत्या की गोदावरीबाई प्रत्येक वेळी दचकत होती. पहिली मेंढी शकुनबाईनं मारली. दुसरी आशाबाईनं, तिसरीही आशाबाईनं. उरली एक, चौकटची, आणि ती शकुनबाईच्या हातात होती.

हिशेब सगळ्यांना कळत होता, बाजूच्या टेबलावरच्याही आपले डाव आटपून मागे येऊन उभ्या होत्या. ही मेंढी शकुनबाईनं वाचवली तर तेरा आणि बारा, शकुनबाई जिंकली. गेली तर बारा आणि तेरा.

तिच्या हातात तीनच पानं राहिली होती. हुकमाचा गुलाम, चौकटची मेंढी आणि चौकटची पंजी. हुकमाची मोठी पानं पडून गेली होती. चौकटचा राजा, राणी, गुलामही पडून गेले होते. फक्त एक्का बाहेर होता आणि तो आशाबाईकडे होता, हे शकुनबाईला पानं न मोजताही ठाऊक होतं. आशाबाई एक्का कधीच आधी काढत नाही. तो एकदा टाकू दे, त्यावर पंजी फेकायची, आणि मग मेंढीच सगळ्यात मोठी. लहान लेकराला कळेल इतकं सोपं.

"एक मिनिट," वर्षाली ओरडली.

आशाबाईची खेळी होती. तिनं डाव्या हातानं उजव्या मनगटावरची पाटली मागे सारली आणि चौकटचा एक्का टाकला.

आता ती पाटली. ही त्या दोघींची खूण होती, अकरा वर्षांपूर्वीची, हसत-खिदळत ठरवलेली, जेव्हा दोघी एका ताटात जेवायच्या तेव्हाची. पाटली मागे सारली म्हणजे हात आपलाच आहे, टाक मेंढी. भांडणानंतरही खूण चालू राहिली, तिला कुणी बंद कर म्हटलं नव्हतं. अकरा वर्षं पाटली सरकली की शकुनबाईची मेंढी जायची, आणि एकदाही वाया गेली नाही.

आजही मेंढी गेली. डोक्यात पंजी होती आणि हातानं मेंढी टाकली.

पान टेबलावर पडलं तेव्हा शकुनबाईला वाटलं, कुणा दुसरीनंच टाकलं. तिनं हात पुढे केला, पण पडलेलं पान उचलता येत नाही. गोदावरीबाई म्हणाली, "अगंबाई, तुमच्याकडे लहान पान नव्हतं का?" उरलेल्या दोन पानांतली पंजी सगळ्या टेबलाला दिसत होती. कुणीतरी मागे फिसकन हसलं. आशाबाईनं चारही पानं ओढली, हळूच, नखानं. आणि ताट वाजलं.

पाटली सवयीनं सरकली की मुद्दाम सारली? शकुनबाईनं त्या क्षणी आशाबाईच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडावर काही नव्हतं. त्या तोंडावर पत्ते खेळताना कधीच काही नसायचं, म्हणून तर दोघी जिंकायच्या.

"पाह्य रागिणी," आशाबाई घागर मांडीवर घेऊन म्हणाली, "म्या सांगतलं होतं ना. समोर मी नसली तं तिचं असं होते."

बायका हसल्या. शकुनबाईनं पत्ते पिसायला घेतले, उगाच, हातांना काहीतरी पाहिजे म्हणून. मरो ती घागर, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच आलं की पुढच्या साली पुन्हा समोरासमोर बसू, एक शब्द न बोलता हिला दाखवू. या चिठ्ठ्या नकोत, ही ताटं नकोत. कुठल्याकुठल्या बायकांना हुकूम सांगत बसायचं. आपली जुनी पद्धत बरी. तिला स्वतःचाच राग आला, पण बरी तर बरी.

वर्षालीनं लाटणं खाली ठेवलं. "आता सांगा, पुढच्या सालापासून कसं? ज्याले जुनी पद्धत पायजे त्यानं हात वर करा."

शकुनबाईचा हात वर गेला. मग तिनं पाहिलं, दोन खुर्च्या सोडून आशाबाईचा हात आधीच वर होता. पाटली कोपराकडे घसरली होती. आशाबाई तिच्याकडेच पाहत होती.

हिच्यासोबत? आज, या तोंडानं? सगळ्या म्हणतील, पाहा, ओढून न्यायला पाहिजे तिला. शकुनबाईनं हात खाली घेतला.

"बारा," वर्षाली म्हणाली. "आता झटपटवाले."

शकुनबाईनं हात वर केला. आधीपेक्षा उंच.

वर्षालीनं दोनदा मोजलं, स्वतःचा हात धरून. "तेरा. तं मंग झटपटच नक्की. एका मतानं."

खुर्च्या सरकल्या, बायका चपला शोधायला लागल्या. शकुनबाई पानं रबरबँडात घालत होती तेव्हा शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. तेलाचा वास आला.

"हात काहून खाली घेतला वो?" आशाबाई म्हणाली.

पत्त्यांबाहेरचं नऊ वर्षांतलं हे पहिलं वाक्य. हळू विचारलं होतं, रागिणीला ऐकू जाणार नाही असं. शकुनबाईच्या तोंडाशी बरंच काही आलं, त्यात चंदाचा चष्मा होता, आणि ती पाटलीही होती. तिनं रबरबँड आणखी एक वेढा फिरवला, पत्त्यांचा जोड वर्षालीच्या हातात दिला आणि आशाबाईला वळसा घालून बाहेर पडली.

घरी नत्थुजी ओट्यावर होता. पलीकडे फाटक वाजलं, आणि पितळ फरशीवर ठेवल्याचा आवाज भिंतीतून आला.

"यंदा घागर पहिले तिकडे का?" त्यानं विचारलं.

"हो."

"म्हंजे आपल्याकडे आषाढात येईन."

शकुनबाई चपला काढत होती. एक निघाली, दुसरीचा बंद अडकला होता, तो ती बराच वेळ ओढत राहिली.

"नाई," ती म्हणाली. "आता येत नसते ती."