राखणदाराचा बेलभंडारा

धारूरकडच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो, तेव्हाचा हा गुन्हा. दप्तरी पाहिले तर अगदी सरळ: ट्रॅक्टर जाळला, आरोपी मिळाला, दोषारोपपत्र गेले, शिक्षा लागली. वरिष्ठांनी पाठही थोपटली. तरी साऱ्या नोकरीत ज्या तपासाची मला आजही हळहळ वाटते, तो हाच.

सत्तरच्या दशकातला दुष्काळ. बालाघाटाच्या माथ्यावर झाडाला पाला उरला नव्हता आणि निम्मा तालुका दुष्काळी कामावर खडी फोडत होता. एकाच ठिकाणी, वाळलेले का होईना, गुडघाभर गवत उभे होते. निजामाने एका जागीरदाराला घोड्यांसाठी दिलेले ते अफाट कुरण. एका धनगर कुटुंबाची मेंढरे त्यावर तगून होती. कुरण गेले असते तर कळप गेला असता.

पोलीस अ‍ॅक्शननंतर जागिरी खालसा झाल्या आणि हा जागीरदार हैदराबादला निघून गेला. पुढे त्याच्या वारसाने कुरण एका पुढाऱ्याच्या मेहुण्याला विकले आणि मेहुण्याकडून ते सहकारी शेती संस्थेकडे आले. संस्थेचा चेअरमन अर्थातच तो पुढारी. सभासद पाहिले तर अर्धे त्याचे चुलते निघत आणि अर्धे भाचे. दुष्काळात संस्थेला विहिरी मंजूर झाल्या. गवत मोडून ऊस लावायचे ठरले आणि नांगरटीला ट्रॅक्टर आला. नांगराचे पहिले तास पडण्याआधीच तो जळून खाक झाला.

पंचनाम्याला गेलो तेव्हा एक गोष्ट खटकली. ट्रॅक्टरभोवतीचे गवत आधी विळ्याने कापून लांब नेऊन टाकले होते. कुरणाची काडीही जळाली नव्हती. चेअरमनच्या एखाद्या वैऱ्याने हे केले असते, तर त्याने गवताची एवढी काळजी घेतली नसती.

चेअरमनने धनगर म्हाताऱ्याचे नाव घेतले. "त्यालाच उचला, साहेब. जमीन बळकवायला बसलाय," असा त्याचा धोशा. मी ऐकून घेतले आणि खबऱ्यांना कामाला लावले. दोन दिवसांत रेशन दुकानदार ठाण्यात आला. इकडेतिकडे पाहत म्हणाला, "सायब, माझं नाव येऊ देऊ नका. त्या धनगराच्या सुनेनं रॉकेल नेलं, पर घरात दिवा न्हाई लागला."

घरात म्हातारा आणि सून दोघेच. मुलगा निम्मी मेंढरे घेऊन गोदाकाठी गेलेला. म्हाताऱ्याला चौकशीला आणले. सून मागोमाग भाकरी घेऊन आली आणि दाराबाहेर बसून राहिली.

जमिनीच्या भांडणातला माणूस ठाण्यात आला की आधी जमिनीवर हक्क सांगतो, हा माझा अनुभव. इथे उलटेच झाले.

"जमीन कुणाची?" मी विचारले.

"आमची न्हाई, सायब."

"मग भांडण कशाचं?"

"भांडण न्हाई. आमी राखनदार. माझ्या बापानं मालकापुढं बेलभंडारा उचलला हाय. कुरणात नांगर येऊ देनार न्हाई, अन् जमिनीला आपली म्हननार न्हाई. मी बी तितंच हुबा होतो."

आमचे हवालदार त्याच भागातले. त्यांनी पुढची हकीकत सांगितली. कुळांच्या नोंदी करायला महसुलाचे लोक गावात आले, तेव्हा भलेभले 'आम्हीच कसतो' म्हणून पुढे सरसावले आणि जमिनीचे धनी झाले. या म्हाताऱ्याला तीनदा विचारले, तरी त्याने आपले नाव लावू दिले नाही. मालक हैदराबादेत आहे, एवढेच सांगत राहिला. ज्या कुटुंबाचा हक्क सर्वांत जुना, त्याचे नाव कुठेच चढले नाही.

मला त्याचा रागच आला. एवढा कसला भोळेपणा, असे मनात आले.

गुन्ह्याबद्दल मात्र तो तोंड उघडेना. तेव्हा हवालदारांनी शपथेसाठी ताटलीत बेलाचे पान आणि खंडोबाचा भंडारा आणून ठेवला. कायद्यात याला किंमत नाही, हे मला माहीत होते. पण त्या माणसाजवळ ती होती.

म्हाताऱ्याने पायताण काढले, हात धुतले आणि भंडारा उचलला. "मी टॅक्टर पेटवला न्हाई," तो ठणठणीत आवाजात म्हणाला.

"आता म्हणा, कुणी पेटवला ते ठाऊक नाही."

भंडारा त्याने परत ताटलीत ठेवला आणि खाली मान घातली. आम्हाला उत्तर मिळाले होते.

तेवढ्यात सून आत आली. "मामाला कावून छळता, सायब? मी पेटवला. त्यांच्या बापानं भंडारा उचलला, माझ्या बापानं न्हाई. कुणी तरी कुरण आपलं म्हनाया पायजे का नगं?"

म्हातारा लहान मुलासारखा रडायला लागला. मलाही तिच्याकडे बघवेना.

रॉकेलचा डबा आणि विळा तिने दाखवलेल्या घळीतून पंचांसमक्ष जप्त केले. न्यायालयात तिने गुन्हा नाकारला नाही. तिला सक्तमजुरी झाली, संस्थेला दुसरा ट्रॅक्टर मिळाला. कुरण नांगरले गेले. चाऱ्यावाचून मेंढरे पटापट मेली आणि उरलेली खाटकाकडे गेली. विहिरींना पाणी लागलेच नाही, त्यामुळे ऊसही कधी उभा राहिला नाही.

खोटे बोलणाऱ्याला पकडायचे शिक्षण मला खात्याने दिले होते, आणि त्या जोरावर मी बरेच गुन्हे उघड केले. खरे बोलून एखादा माणूस आपले सर्वस्व घालवून बसतो, तेव्हा काय करायचे, ते कुणी शिकवले नव्हते. मी केलेला तपास चोख होता. त्याने त्या घराचे काडीचेही भले झाले नाही, आणि या गोष्टीचे मला फार वाईट वाटते.

माझी बदली झाल्याचे कळले तेव्हा म्हातारा ठाण्यात आला. बस म्हटले तरी बसेना.

"सायब, मालकाच्या घरचं कुनी आलं, अन् नांगर कसा येऊ दिला म्हनून इचारलं, तर काय सांगू?"

"बाबा, त्यांनी कुरण कधीच विकलं. आता कुणी यायचं नाही."

ही गोष्ट त्याला तोवर कुणी सांगितलीच नव्हती.

"मंग इतकी वरसं," तो म्हणाला, "मी कुनासाटी न्हाई म्हनत व्हतो?"