परत चालण्याचे वीस सेकंद

साठच्या दशकाची सुरुवात होती. बंगळूरच्या एका कारखान्यात हातात स्टॉपवॉच घेऊन दुसऱ्यांच्या कामाची वेळ मोजणं, ही माझी नोकरी. वय चाळीस. वीस किलोचं कास्टिंग, म्हणजे लोखंडाचा ओतीव भाग, ढिगातून उचलायचं, तीस पावलं नेऊन मशीनशेजारच्या ओट्यावर ठेवायचं, या कामाला मी तासाला साठ नग असा आकडा दिला. चाळीस सेकंद काम, वीस सेकंद विश्रांती.

ते काम करणारे अण्णा माझ्याहून आठदहा वर्षांनी मोठे. आकडा ऐकून ते कन्नडमध्ये म्हणाले, "सार, कागदाला धाप लागत नाही. तुम्हीच स्वल्प उचलून बघा."

"बघतो. सहा आठवडे द्या."

"सहा आठवडे? लग्नाची तयारी आहे का, सार?" सगळे हसले.

मुदतीमागे हिशेब होता. खुर्चीत बसणारा माणूस पहिल्याच दिवशी दमला, तर आकडा चुकला की माणूस कमकुवत, हे कसं कळणार? माझ्या साहेबांनी तोवर आकडा थांबवून धरला. त्यानंतर तो कायम झाला असता आणि अण्णांना रोज आठ तास पाळावा लागला असता.

ऑफिसचं घड्याळ घरी नेणं मला पटेना. चिकपेटेच्या बाजारातून एक जुनं स्टॉपवॉच आणलं, डब्यात वाळू भरून कोळशाच्या वखारीत वीस किलो तोलून घेतली. रोज सकाळी सहाला बायको पायरीवर घड्याळ घेऊन बसे. तिने "उचला" म्हटलं की डबा उचलून अंगणाला फेरी मारायची आणि जागेवर ठेवायचा. "थांबा" म्हटलं की रिकाम्या हाताने दुसरी फेरी, ती झाली की पुन्हा "उचला". पहिल्या दिवशी आठ वेळा झालं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसऱ्या दिवशी नऊ वेळा केलं. रोज एक फेरा वाढवायचा, कमी करायचा नाही, असं ठरवलं आणि ते पाळलं.

चौथ्या आठवड्यात बायको म्हणाली, "अहो, मी थांबा म्हणते, पण तुम्ही थांबता कुठे? चालतच असता."

"हात रिकामे असतात ना. ती विश्रांतीच."

"मग मी रिकामी घागर घेऊन नळावर जाते, तीही माझी विश्रांतीच धरा."

मी कागद काढून पाहिला. अण्णा ओट्यापासून ढिगापर्यंत परत चालत येत, ते वीस सेकंद मी विश्रांतीत धरले होते. उभं राहायला त्यांना एक सेकंदही दिला नव्हता.

आकडा तिथेच बदलता आला असता. पण अंगणातल्या डब्यावरून कारखान्याचा आकडा बदलणं मला मान्य नव्हतं, आणि शब्दही दिला होता. राहिलेले दोन आठवडे जुन्याच वेळेने सराव केला.

ठरल्या दिवशी बाह्या वर करून ढिगाशी उभा राहिलो. घड्याळ अण्णांच्या हातात दिलं. पहिल्या तासात साठ नग पुरे केले. शर्ट घामाने पिळण्याइतका भिजला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी वाजवल्या नाहीत.

"अजून सात तास आहेत, सार," ते म्हणाले.

मी पाणी प्यायलो आणि पुन्हा वाकलो. दुसऱ्या तासात एक्केचाळीस झाले आणि बोटं मिटेनात. अण्णांनी घड्याळ बंद करून माझ्या खिशात ठेवलं.

दुपारी साहेबांपुढे नवा तक्ता ठेवला: चाळीस सेकंद नेणं, वीस सेकंद परत येणं, वीस सेकंद उभं राहणं. तासाला पंचेचाळीस.

"स्वतःचाच आकडा खोडताय?" साहेब म्हणाले. "पहिल्या तासात साठ झाले ना?"

"दुसऱ्यात एक्केचाळीस झाले. तेही लिहिले आहेत."

त्यांनी तक्ता दोनदा वाचला आणि सहीसाठी पेन मागितलं. माझी सही आधीच होती. न मिटणाऱ्या बोटांनी अक्षर वेडंवाकडं आलं होतं, पण ती माझीच होती.